हुतात्म्यांची बखर आणि हुतात्म्यांचे कागद

जुन्या गोव्यात से कॅथेड्रलच्या मुख्य वेदीसमोर उभं राहिलं की आधी सोनेरी मुलाम्याने डोळे दिपतात. ते जरा सरावले की लाकडात कोरलेले प्रसंग दिसू लागतात. हे प्रसंग एकाच बाईचे आहेत, अलेक्झांड्रियाच्या संत कॅथरीनचे. तिची गोष्ट अशी सांगतात: चौथ्या शतकाच्या सुरुवातीची ही राजघराण्यातली तरुण, विद्वान मुलगी. मूर्तिपूजेवरून तिने सम्राटाला तोंडावर सुनावलं. सम्राटाने तिच्याशी वाद घालायला पन्नास तत्त्ववेत्ते बोलावले. तिने पन्नासही हरवले, आणि ते सगळे ख्रिस्ती झाले. मग खिळे ठोकलेलं चाक आणलं, ते तिचा स्पर्श होताच मोडलं. शेवटी शिरच्छेद केला, तेव्हा मानेतून रक्ताऐवजी दूध वाहिलं आणि देवदूतांनी देह उचलून सिनाई पर्वतावर नेला. २५ नोव्हेंबर हा तिचा सण. १५१० साली याच तारखेला आफोंसो द आल्बुकेर्कने गोवा जिंकला, म्हणून हे कॅथेड्रल तिच्या नावाचं. आपण दिवाळीत भुईचक्र लावतो, त्याला इंग्रजीत ‘कॅथरीन व्हील’ म्हणतात, तेही तिच्याच चाकावरून.

आणि ही बाई बहुधा कधी झालीच नाही.

तिच्या मृत्यूचा जो काळ सांगतात, त्यानंतर किमान तीनशे वर्षं तिचं नाव कुठल्याच कागदावर सापडत नाही. त्या काळाचा इतिहास लिहून ठेवणारा बिशप युसीबियस अलेक्झांड्रियातल्या एका श्रीमंत, शिकलेल्या ख्रिस्ती बाईबद्दल लिहितो खरा. सम्राटाची वासना तिने धुडकावली, असं तो सांगतो. पण त्याच्या हकिकतीत तिला हद्दपार केलं आणि मालमत्ता जप्त झाली, एवढंच. चाक नाही, पन्नास पंडित नाहीत, दूध नाही.

अलेक्झांड्रिया ज्या इजिप्तमध्ये, त्याच इजिप्तच्या वाळूत एक पपायरसचा, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचा तुकडा सापडला, त्याची तारीख २६ जून २५०. अर्जदार ऑरेलियस डायोजेनिस, वय ७२, खूण: उजव्या भुवईवर व्रण. म्हणतो, ‘मी देवांना नेहमीच बळी देत आलो आहे. आताही हुकुमाप्रमाणे तुमच्यासमोर बळी दिला, मद्य अर्पण केलं, प्रसाद चाखला. तसा दाखला द्यावा.’ खाली दुसऱ्या हाताने साक्षीदाराची नोंद. आपल्या तहसील कचेरीत खपून जाईल असा कागद! डायोजेनिसबुवा ख्रिस्ती होते असं समजायला काहीच आधार नाही. पण ख्रिस्ती लोक का मारले गेले, हे समजायला कॅथरीनच्या सोनेरी वेदीपेक्षा त्यांच्या भुवईवरचा व्रण जास्त कामाचा आहे.

मराठी इतिहास वाचणाऱ्याला हा फरक वेगळा समजावून सांगायला नको. आपल्याकडे बखरी आहेत आणि अस्सल पत्रं आहेत. बखर रसाळ असते, पण पुष्कळदा प्रसंगानंतर शंभर-दीडशे वर्षांनी लिहिलेली असते. पत्र रुक्ष असतं, पण त्याच दिवसाचं असतं. पहिल्या ख्रिस्ती हुतात्म्यांबद्दल आपल्याकडे जे आलं आहे त्यात दोन्ही आहे, आणि चर्चमधल्या मूर्ती, चित्रं, सणांची प्रवचनं यांतून आपल्या कानावर पडते ती बहुतेक बखर.

आधी शब्द पाहू. ‘हुतात्मा’ म्हणजे ज्याने स्वतःची आहुती दिली तो, होमकुंडातून आलेला शब्द. ‘मार्टर’चं मूळ मात्र ग्रीक ‘मार्टिस’, आणि त्याचा अर्थ साक्षीदार, कोर्टातला साधा साक्षीदार. आपल्या ख्रिस्ती लेखनात ‘रक्तसाक्षी’ हा शब्द येतो, तो मुळाच्या अधिक जवळचा. हे लोक रणात पडले नाहीत. न्यायाधीशाने विचारलं, त्यांनी ‘होय’ म्हटलं आणि त्या होकारापायी जीव गेला. वसईत जन्मलेले संत गोन्सालो गार्सिया १५९७ साली नागासाकीला क्रुसावर गेले, तेही याच परंपरेतले. पण ते फार पुढचं प्रकरण, आपण पहिल्या तीन शतकांतच राहू.

रोमला नेमकं काय खुपत होतं?

रोमन लोक धर्माच्या बाबतीत कडवे होते असं नाही. जिंकलेल्या प्रत्येक मुलखाचे देव त्यांनी आपल्या देव्हाऱ्यात घेतले. त्यांची समजूत अशी की, देव आणि राज्य यांच्यात एक करार आहे. आपण देवांचा मान राखायचा, देवांनी पाऊस, पीक आणि लढाईत यश द्यायचं. मनात काय श्रद्धा आहे याची चौकशी कुणी करत नव्हतं, पण मान मात्र सगळ्यांनी द्यायला हवा. गावच्या जत्रेला एकाच घराने वर्गणी नाकारली, पालखीला दारही उघडलं नाही, आणि त्याच वर्षी पाऊस दडी मारून बसला, तर गाव कुणाकडे बोट दाखवेल? उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुलियन दुसऱ्या शतकाच्या शेवटी चिडून लिहितो: तायबर नदीला पूर आला, नाईलला आला नाही, भूकंप झाला, दुष्काळ पडला, की ओरड एकच, ‘ख्रिस्ती लोकांना सिंहापुढे टाका!’ आणि पुढे मल्लिनाथी करतो, ‘इतके सगळे? एका सिंहाला?’

ज्यू लोकही हे देव मानत नसत. पण त्यांचा धर्म जुना, वाडवडिलांपासून चालत आलेला, आणि जुन्याबद्दल रोमनांना आदर होता. ख्रिस्ती मंडळी नवी, रात्री-पहाटे जमणारी, एका शिक्षा झालेल्या माणसाला देव म्हणणारी. त्यांना लोक चक्क नास्तिक म्हणत.

नीरोने ६४ साली रोमच्या आगीचं खापर त्यांच्यावर फोडलं. जनावरांची कातडी पांघरून कुत्र्यांकडून फाडवलं, मशालीसारखं जाळलं, असं रोमन इतिहासकार टॅसिटस सांगतो. ते भयंकर होतं, पण एका शहरापुरतं. रोजचा कारभार कसा चाले ते पाहायचं तर साधारण ११२ सालचं एक पत्र वाचावं. काळ्या समुद्राकाठच्या बिथिनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राट ट्राजनला लिहितो की, या लोकांच्या खटल्यांना मी कधी हजर नव्हतो, तेव्हा करू काय? सध्या मी तीनदा विचारतो, ‘ख्रिस्ती आहेस का?’ तीनदाही ‘हो’ आलं तर मृत्युदंड, कारण त्यांचा पंथ काहीही असो, हा हेकटपणा तरी शिक्षेला पात्र आहेच. जे ‘नाही’ म्हणतात, तुमच्या पुतळ्यापुढे धूप-मद्य वाहतात आणि ख्रिस्ताला शिव्या देतात, त्यांना सोडतो. सत्य काढायला त्याने दोन गुलाम सेविकांचा छळही केला. हाती लागली, त्याच्याच शब्दांत, एक बेताल अंधश्रद्धा. गुन्हा असा काही मिळाला नाही.

ट्राजनचं उत्तर चार ओळींचं. त्यांना हुडकत बसू नका. कुणी तक्रार केली आणि शाबीत झालं तर शिक्षा द्या. नाकारून देवांना हात जोडले तर माफ करा. निनावी अर्ज घेऊ नका. दोषी आहेत तर हुडकत का नाही, आणि निर्दोष आहेत तर मारता का, असं तर्तुलियनने पुढे यावर विचारलं. वकिली बाण्याचा प्रश्न आहे, आणि बिनतोड.

त्यामुळे तीनशे वर्षं सतत कत्तल चालली होती हे चित्र चूक आहे. छळ व्हायचा तो एखाद्या गावात, एखाद्या सुभेदाराच्या काळात, एखाद्या शेजाऱ्याच्या तक्रारीवरून. ओरिजेन हा मोठा ख्रिस्ती विद्वान. त्याचा स्वतःचा बाप धर्मापायी मारला गेला होता. तोच २४८च्या सुमारास लिहितो की, विश्वासासाठी मेलेले थोडे आहेत, सहज मोजता येतील इतके. त्याने हे लिहिल्यावर दोनच वर्षांत चित्र पालटलं, पण त्यानंतरचेही सगळे धरून आजचे बहुतेक इतिहासकार हजारांत बोलतात, लाखांत नाही. आणि रोमचे ते भुयारी कॅटाकोम्ब लपायच्या जागा नव्हत्या. शहराबाहेरच्या मऊ दगडात खोदलेली ती दफनभूमी होती, सरकारला पूर्ण ठाऊक असलेली. २५७ साली सम्राट व्हॅलेरियनने तिथे जायला बंदी घातली, आणि ठाऊक नसलेल्या जागेवर बंदी कोण घालतो?

दाखल्यांचं वर्ष

२५० साली सम्राट डेसियसने नवीन युक्ती काढली. साम्राज्यातल्या सगळ्यांनी बळी द्यायचा आणि तसा दाखला घ्यायचा. आपल्या डायोजेनिसबुवांचा अर्ज त्यातलाच. असे चाळीसहून अधिक दाखले इजिप्तमध्ये मिळाले आहेत. डेसियसच्या डोळ्यांपुढे ख्रिस्तीच होते की सगळ्या प्रजेला देवांच्या पायाशी आणायचं होतं, यावर अभ्यासकांत वाद आहे. परिणाम मात्र ख्रिस्ती लोकांवर झाला.

हुतात्म्यांच्या गोष्टींतून गळालेली माणसं इथे भेटतात. कार्थेजचा बिशप सिप्रियन लिहितो की, लोक आपण होऊन बळी द्यायला पळत सुटले. संध्याकाळ झाली म्हणून अधिकाऱ्यांनी ‘उद्या या’ म्हटलं, तर आजच उरकून टाका अशी गयावया केली. काहींनी बळी दिला नाही, पैसे चारून नुसता दाखला घेतला. सिप्रियन स्वतः लपून राहिला. त्याबद्दल त्याला बोलणी बसली, आणि तो पत्रांमागून पत्रं लिहून स्पष्टीकरण देत राहिला.

वादळ सरल्यावर खरा घोळ सुरू झाला. ढळलेल्यांना परत घ्यायचं का? तुरुंगात जाऊन न डगमगता आलेले लोक चिठ्ठ्या देऊ लागले: अमक्याला त्याच्या माणसांसह मंडळीत घ्यावं. ‘माणसांसह’ म्हणजे किती, वीस की तीस, असा सिप्रियनचा त्रागा. ज्याने सोसलं त्याचा शब्द मोठा की ज्याच्याकडे पद आहे त्याचा? चळवळी पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न ओळखीचा वाटेल. सिप्रियनवरचा डाग पुढे आपोआप धुतला गेला. १४ सप्टेंबर २५८ रोजी त्याचा शिरच्छेद झाला. मारेकऱ्याला २५ सुवर्णनाणी द्या, असं त्याने आपल्या लोकांना सांगितलं, आणि लोकांनी त्याच्यापुढे कापडं, रुमाल अंथरले.

शेवटची आणि सर्वांत मोठी लाट डायोक्लेशनची, फेब्रुवारी ३०३ पासूनची. चर्च पाडा, धर्मग्रंथ जाळा, असा हुकूम. त्या वेळचा एक जप्तीचा पंचनामा टिकून आहे, आजच्या अल्जीरियातल्या किर्ता गावचा, १९ मे ३०३ चा. चर्चमध्ये मिळालेल्या मालाची यादी अशी: सोन्याचे दोन पेले, चांदीचे सहा, चांदीचे सात दिवे, बायकांचे अंगरखे ८२, पुरुषांचे १६, पुरुषांच्या पायताणांचे १३ जोड, बायकांच्या पायताणांचे ४७ जोड. हे कपडे बहुधा गरिबांना वाटायला ठेवलेले. मग पुस्तकं कुठे आहेत? ती वाचकांच्या, म्हणजे चर्चमध्ये ग्रंथ वाचून दाखवणाऱ्यांच्या घरी. वाचकांची नावं सांगा. आम्ही फितूर नाही, मारायचं तर मारा. पण कुणीतरी घरं दाखवतं, आणि एका शाळामास्तराच्या घरातून दोन, दुसऱ्याकडून चार, तिसऱ्याकडून आठ अशी पुस्तकं निघत जातात. सगळं कारकुनाच्या थंड भाषेत. ज्यांनी पुस्तकं दिली त्यांना पुढे ‘देणारे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दाने हिणवलं गेलं, आणि फितुराला इंग्रजीत जो ‘ट्रेटर’ म्हणतात तो त्याच लॅटिन धातूतून आलेला. या भांडणाने उत्तर आफ्रिकेतलं चर्च शतकभर दुभंगलं.

३११ साली सम्राट गॅलेरियसने मरणापूर्वी छळ थांबवला, ३१३ साली कॉन्स्टंटाइन आणि लिसिनियस यांनी धर्मस्वातंत्र्य मान्य केलं, आणि मरायची वेळ संपली.

पुण्यतिथी, अस्थी आणि आख्यान

हुतात्म्याच्या थडग्याशी जमायची रीत मात्र याच्या फार आधीची. स्मर्ना, म्हणजे आजचं तुर्कस्तानातलं इझमीर, तिथला म्हातारा बिशप पॉलिकार्प १५५च्या आसपास जाळला गेला. सुभेदार त्याला म्हणाला, ‘वयाचा तरी विचार कर, आणि म्हण, नास्तिकांचा नाश असो!’ पॉलिकार्पने मैदानातल्या गर्दीकडे नजर फिरवली, तिच्याकडे हात केला आणि म्हणाला, ‘नास्तिकांचा नाश असो.’ ख्रिस्ताला शिवी दे म्हटल्यावर म्हणाला, ‘८६ वर्षं मी त्याची सेवा करतोय, त्याने माझं काही वाईट केलेलं नाही. माझ्या राजाला मी शिवी कशी देऊ?’ त्याच्या मंडळीने दुसऱ्या गावाला लिहिलेल्या पत्रात हे सगळं आहे. ज्वाळा शिडासारख्या फुगल्या आणि आत तो भट्टीतल्या पावासारखा दिसत होता, असंही. रत्नांहून मोलाच्या त्याच्या अस्थी आम्ही जपून ठेवल्या आणि दरवर्षी तिथे त्याचा ‘जन्मदिवस’ साजरा करू, असं पत्र म्हणतं. मरणाचा दिवस तोच जन्माचा! आपल्याकडे संतांची पुण्यतिथी मोठी असते, आणि पिराच्या ‘उरूस’ या शब्दाचा मूळ अर्थ लग्न असा आहे. भाव जवळचाच.

याच पत्रात क्विंटस नावाचा एक माणूस येतो. तो आपण होऊन पकडून घ्यायला गेला, इतरांनाही नेलं, आणि श्वापदं पाहिल्यावर पाय लटपटून त्याने बळी दिला. पत्र लिहिणारे म्हणतात, आपण होऊन पुढे जाणाऱ्यांची आम्ही स्तुती करत नाही. बखरीत असा क्विंटस सापडणं कठीण.

आता कल्पना करा, साल ४५०. छळ संपून सव्वाशेवर वर्षं झाली आहेत. गावोगावी हुतात्म्यांची थडगी आहेत, सण आहेत, यात्रेकरूंची रीघ आहे, आणि हातात आहे नुसती यादी. रोमची ३५४ सालची यादी आजही आहे. तीत सेबास्टियनबद्दल काय आहे? तारीख २० जानेवारी आणि थडग्याची जागा. संपलं! सणाला गर्दी जमलेली आणि कीर्तनकाराकडे आख्यानच नाही, अशी ही अवस्था. मग आख्यानं रचली गेली. सेबास्टियन सम्राटाच्या पहाऱ्यावरचा शिपाई, त्याला बाणांनी चाळण केली, आयरीन नावाच्या विधवेने बरं केलं, परत जाऊन त्याने सम्राटाला सुनावलं, तेव्हा सोटे मारून संपवलं, हे सगळं पाचव्या शतकातलं लेखन. म्हणजे ज्या बाणांवरून आपण त्याला चित्रात ओळखतो, त्यांनी तो गोष्टीतसुद्धा मेला नाही!

सगळंच रचलेलं नसतं. चौथ्या शतकातल्या पोप दमाससने रोममधली थडगी शोधून त्यांवर लॅटिन श्लोक कोरून घेतले. मार्सेलिनस आणि पीटर या दोघांच्या श्लोकात तो म्हणतो, मी लहान असताना खुद्द मारेकऱ्याने मला हे सांगितलं. असा आधार दुर्मीळ.

लॉरेन्सचं उदाहरण घ्या. गोव्यात आगशीला त्याच्या नावाचं चर्च आहे. तो रोमच्या चर्चचा सेवक-अधिकारी, म्हणजे डीकन, १० ऑगस्ट २५८ ला मारला गेला. सुभेदाराने चर्चचा खजिना मागितला तेव्हा त्याने भिकारी आणि पांगळे आणून उभे केले, ‘हाच आमचा खजिना.’ मग त्याला लोखंडी जाळीवर भाजलं, तर म्हणाला, ‘ही बाजू झाली, आता उलटा.’ गोष्ट जबरदस्त आहे. पण ती मिळते शंभरेक वर्षांनंतर. सम्राट व्हॅलेरियनच्या त्या वर्षीच्या हुकुमाबद्दल सिप्रियनचं पत्र आहे. बिशप, धर्मगुरू आणि सेवक-अधिकारी यांना तत्काळ मृत्युदंड द्या, असा तो हुकूम. चारच दिवस आधी पोप सिक्स्टस दुसरा आणि त्याच्या साथीदारांचा तसाच शेवट झाला. तेव्हा लॉरेन्सचंही डोकंच उडवलं असणार. मग जाळी कुठून आली? काही अभ्यासकांचा एक तर्क मजेदार आहे. यादीत ‘पासुस एस्त’ म्हणजे ‘त्याने सोसलं’ असं असेल, पहिलं अक्षर गळालं आणि उरलं ‘आसुस एस्त’, म्हणजे ‘भाजला गेला’! सिद्ध करता येणार नाही, पण नकलनवीस काय करू शकतो हे आपल्याला पोथ्यांवरून ठाऊक आहेच.

अपोलोनियाचं तर मला वाईट वाटतं. तिच्याबद्दल कागद आहे. अलेक्झांड्रियाचा बिशप डायोनिसियस याने, म्हणजे त्याच शहरातल्या त्याच काळच्या माणसाने पत्रात लिहिलंय. २४९ साली शहरात दंगल उसळली. जमावाने एका म्हाताऱ्या, अविवाहित, मान असलेल्या बाईला धरलं, जबड्यावर ठोसे मारून तिचे दात पाडले, शहराबाहेर जाळ पेटवून शिव्या म्हणायला सांगितलं. तिने ‘जरा सोडा’ म्हटलं, आणि सुटताच स्वतः आगीत उडी घेतली. पुढच्या चित्रकारांनी तिला कोवळी सुंदर मुलगी केलं आणि हातात दात धरलेला चिमटा दिला. ती दंतवैद्यांची पालक संत झाली. ठोसे खाल्लेली ती म्हातारी चित्रातून गेलीच.

अशी बखर ओळखायची कशी? सम्राट स्वतः चौकशीला बसलेला असतो. आरोपी पानभर भाषण देतो. एकामागून एक छळ फसतात, पाहणारे धर्म बदलतात. चाक मोडतं, आग विझते, सिंह पाय चाटतात, आणि शेवटी तलवार आली की मात्र सगळे चमत्कार थांबतात. हा साचा कॅथरीनला जसा बसतो तसा डझनावारी संतांना बसतो.

आणि हे चाळण्याचं काम धर्मद्वेष्ट्यांनी केलं असं समजू नका. ते केलं जेझुइट धर्मगुरूंनी. अँटवर्पच्या जाँ बोलांने संतचरित्रांच्या अस्सल पाठांचे पहिले खंड १६४३ साली काढले. त्याच्या वारसांना बोलांडिस्ट म्हणतात, आणि ब्रुसेल्समध्ये हे काम अजून चालू आहे. किंमतही मोजावी लागली. पापेब्रोक या बोलांडिस्टाने कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्याशांच्या संघाची स्थापना थेट बायबलमधल्या एलिया संदेष्ट्याने केली या समजुतीवर शंका घेतली, तेव्हा १६९५ साली स्पॅनिश इन्क्विझिशनने त्यांच्या खंडांवर बंदी आणली. कॅथरीनचा सण १९६९ साली रोमच्या सार्वत्रिक दिनदर्शिकेतून काढला गेला, आणि २००२ साली ऐच्छिक म्हणून परत घेतला. लोकांनी तिला सोडलंच नव्हतं.

चाळणीवर काय उरतं

उरतात ते मोजके कागद, आणि ते बखरीपेक्षा जास्त अंगावर येतात. कार्थेज, १७ जुलै १८०. स्किली गावच्या बारा जणांची सुनावणी. सुभेदार सॅटर्निनस विचारतो, ‘पेटीत काय आहे?’ स्पेराटस उत्तर देतो, ‘पुस्तकं, आणि पौल नावाच्या एका सज्जनाची पत्रं.’ सुभेदार म्हणतो, ‘तीस दिवस घ्या, विचार करा.’ त्यांना नको असतात. एक-दोन पानांत बारा माणसं संपतात.

आणि पर्पेतुआ. त्याच कार्थेजमध्ये २०३ साली, वय बावीसच्या आसपास, चांगल्या घरची, शिकलेली, अंगावर पिणारं मूल. तिने तुरुंगात स्वतःच्या हाताने टिपण लिहिलं. ते तिचंच आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. त्या काळच्या बाईचं स्वतःचं लेखन म्हणून ते अमोल आहे. वडील समजवायला येतात तेव्हा ती म्हणते, ‘बाबा, हे भांडं दिसतंय ना? याला भांडं सोडून दुसरं नाव देता येईल का? तसं मलाही मी आहे ते सोडून दुसरं म्हणता येत नाही.’ तुरुंगातला काळोख आणि उकाडा तिने लिहिलाय. दोन साथीदारांनी लाच देऊन त्यांना काही तास बऱ्या जागेत आणवलं, आणि तिथे तिने भुकेने अर्धमेल्या बाळाला पाजलं. बाळ जवळ ठेवायची परवानगी मिळाली तेव्हा तुरुंग मला राजवाडा वाटू लागला, असं ती म्हणते.

स्वप्नंही आहेत. आभाळाला लागलेली अरुंद शिडी, तिच्या कडांना तलवारी आणि आकडे, पायथ्याशी अजगर, आणि वर एक पांढऱ्या केसांचा मेंढपाळ. तो दूध काढतो आणि तिच्या तोंडात खरवसासारखा एक घास घालतो. जागी झाली तेव्हा तोंडात अजून काहीतरी गोड होतं.

सुनावणीत अधिकारी हिलारियानस म्हणतो, ‘बापाच्या पिकल्या केसांकडे बघ, लेकराकडे बघ, बळी दे.’ ‘देणार नाही.’ ‘ख्रिस्ती आहेस?’ ‘आहे.’ मध्ये पडणाऱ्या बापाला छडीने मारतात, आणि ती लिहिते, जणू मलाच मारलं.

तिच्याबरोबरची फेलिसितास गुलाम, आठ महिन्यांची गरोदर. गरोदर बाईला मारायला कायद्याने बंदी, म्हणजे सोबत्यांबरोबर मरण नाही. तुरुंगातच ती मुदतीआधी बाळंत होते, मुलगी होते. कळांनी ओरडते तेव्हा पहारेकरी टोमणा मारतो, ‘आत्ताच ओरडतेस, मग श्वापदांपुढे काय करशील?’ ती म्हणते, ‘आत्ता सोसतेय ती मी. तेव्हा माझ्यात दुसरा कुणी असेल, तो माझ्यासाठी सोसेल.’

टिपण आदल्या दिवशी थांबतं. मैदानात काय होईल ते ज्याला लिहायचं त्याने लिहावं, अशी शेवटची ओळ. पुढचं दुसऱ्या कुणी लिहिलं. ७ मार्चला दोघींवर पिसाळलेली गाय सोडली. पर्पेतुआ आपटली, उठून बसली, फाटलेला अंगरखा मांडीवर ओढला आणि केसांची पिन मागून केस बांधले, कारण मोकळे केस सुतकात असतात. शेवटी एका नवशिक्या योद्ध्याचा हात चळला आणि तलवार हाडावर गेली. तिने किंकाळी फोडली, आणि त्याचा थरथरता हात धरून स्वतःच्या गळ्याशी नेला.

हा कागद हाताशी होता, उत्तर आफ्रिकेच्या चर्चमध्ये त्याला इतका मान होता की, हा बायबलचा भाग नाही, अशी आठवण तिथल्या बिशप ऑगस्टीनला करून द्यावी लागली. तरीही पुढे कुणीतरी त्याची आटोपशीर बखर केलीच. टिपणात पर्पेतुआच्या नवऱ्याचा उल्लेखही नाही, बखरीत तो येतो, आईबापांबरोबर विनवण्या करतो. टिपणात ती शिक्षा सुनावल्यावर लगेच निरोप्याला वडिलांकडे पाठवते, बाळ आणून द्या म्हणून. वडील देत नाहीत. बाळाने आपोआप अंगावरचं तोडलं आणि माझी छातीही दुखून आली नाही, एवढं हायसं वाटून ती लिहिते. बखरीत वडील ते बाळ तिच्या गळ्यात टाकतात, आणि ती ते भिरकावून देते.